आजोबांची जोडी ८७ पट लहान करताना

ओगलेवाडीहून एका मुलानं विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: "काका, माझे आजोबा पुणे–मिरज लाइनवर मालगाडीचे ड्रायव्हर होते. पुढच्या मार्चमध्ये त्यांना ७५ पूर्ण होतील. ते जी डिझेलची जोडी चालवायचे, ती डब्ल्यूडीजी-३ए इंजिनं मला एचओ स्केलमध्ये, म्हणजे ८७ पट लहान, करून द्यायचीत. तयार मॉडेल कुठं मिळत नाही. मी डिप्लोमाला आहे, कॅड येतं. थ्रीडी प्रिंट करू की हातानं बनवू? आणि आपलं ब्रॉडगेज एचओच्या रुळांवर मापात बसत नाही म्हणतात, त्याचं काय करायचं?"

आधी सरळ उत्तर देतो. खालची यंत्रणा विकत घे, वरचं घर हातानं कर, बारीकसारीक वस्तू प्रिंट कर. जोडीतलं एकच इंजिन चालणारं ठेव, दुसरं नुसतं ओढलं जाणारं. पैसा सगळा मोटार आणि गिअरमध्ये जातो, तो दोनदा घालवायची गरज नाही. रुळांचं पुढं सांगतो.

पण त्याच्या आधी एक काम आहे आणि ते कॅडवर होत नाही. आजोबांसमोर बस आणि त्यांच्याकडून एक नंबर आणि एक साल काढून घे. "डब्ल्यूडीजी-३ए" हा एक वर्ग झाला, त्यात शेकडो इंजिनं आली. वर्गाचं मॉडेल करायला गेलास तर कुठलंच इंजिन होणार नाही. हे मी अनुभवानं सांगतोय. कुपवाडच्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न बनवण्यात माझी एकतीस वर्षं गेली आणि त्यातली निम्मी तरी रात्री इंजिनं बनवत बसलो. पहिली तीन इंजिनं मी आठवणीवर केली. तिन्ही दिसायला झकास, आणि तिन्ही चुकलेली.

सालाचा मुद्दा का, तर ह्या इंजिनाचं नावच मध्ये बदललं. वाराणसीच्या कारखान्यातून १९९५ साली पहिलं बाहेर पडलं, नंबर १४५०१, नाव "प्रबल". तेव्हा त्याला डब्ल्यूडीजी-२ म्हणत. पुढं रेल्वेनं नावांची पद्धत बदलली. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे गुड्स, ३ म्हणजे तीन हजार अश्वशक्ती आणि ए म्हणजे वर आणखी शंभर. म्हणून ३१०० अश्वशक्तीचं हे इंजिन ३ए झालं. याच हिशेबानं ३३०० अश्वशक्तीचं ते डब्ल्यूडीएम-३सी. आजोबा नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगत असतील तर कॅबच्या बाजूला डब्ल्यूडीजी-२ लिहावं लागेल. त्यांच्या निवृत्तीच्या आसपासची असेल तर ३ए. एवढा एक आकडा चुकला तरी ज्यानं ते इंजिन वर्षानुवर्षं चालवलं, त्याची नजर पहिल्यांदा तिथंच जाते.

नंबर आठवत नसेल तर आवाजावरून विचार. आजोबांच्या काळात मिरजेत दोन जातीची डिझेलं भेटायची. एक आल्को ह्या अमेरिकन कंपनीच्या वंशातलं, सोळा सिलिंडरचं फोरस्ट्रोक. डब्ल्यूडीएम-२ काय, डब्ल्यूडीजी-३ए काय, दोघांचं काळीज तेच. उभं असताना धप्-धप्-धप् करत दम खात राहतं, आणि हँडल ओढलं की आधी काळा धूर आणि मग ताकद. टर्बो वेग घेईपर्यंत डिझेल जास्त आणि हवा कमी पडते, त्यामुळं तो धूर. दुसरं अमेरिकन ईएमडीच्या परवान्याचं डब्ल्यूडीजी-४, चार हजार अश्वशक्तीचं, टूस्ट्रोक. हे हुबळीच्या बाजूनं यायचं. त्याचा आवाज सलग, घुमणारा, पिठाच्या गिरणीसारखा. आजोबांनी तोंडानं आवाज काढून दाखवला की तुला कळेलच. माझ्या ओळखीतले सगळे जुने ड्रायव्हर हे काम आनंदानं करतात आणि घरातली माणसं वैतागतात.

आता माझ्या चुकीची गोष्ट, कारण तुझ्या कामाशी तिचा थेट संबंध आहे. माझी पहिली डब्ल्यूडीजी-३एची जोडी पुरी झाली तेव्हा विश्रामबागेतल्या एका निवृत्त ड्रायव्हरांना दाखवायला नेली. कॅबमध्ये दिवा, खिडक्यांना खरी काच वाटावी असं प्लास्टिक, दोन इंजिनांच्या मध्ये एमयूची केबल आणि हवेच्या नळ्यासुद्धा. एका कॅबमधून दोन्ही इंजिनं चालतात ती त्या केबलमुळंच. मी मनात शाबासकी घेऊनच गेलो होतो. त्यांनी चष्मा लावला. रंग पाहिला नाही, कॅब पाहिली नाही. इंजिन हातात घेतलं, उलटं केलं, चाकांकडं बघितलं आणि विचारलं, "वाळू कुठाय?"

मला वाटलं रुळांखालच्या खडीबद्दल विचारतायत. म्हटलं, लेआउटवर आहे की. ते म्हणाले, "अहो, ती नव्हं. चाकापुढच्या नळ्या. ह्या नळ्या न्हाईत तर आदर्कीला चढणार कशानं?"

मग त्यांनी तासभर आदर्की सांगितली. नीरा, लोणंद इथवर लाइन खाली आहे. सालपे सोडलं की डोंगर अंगावर येतो आणि आदर्कीवरून वळसे घेत वाठारला वर निघायचं. तिकडं पुण्याच्या अंगाला तसाच शिंदवण्याचा चढ, आंबळ्यापर्यंत. मागं भरलेली मालगाडी. उन्हाळ्यात रूळ कोरडे असतात तोवर ठीक, पण पावसाची पहिली झिमझिम पडली की रुळावरची धूळ आणि तेल मिळून साबण होतो. जोराच्या पावसात धुऊन तरी जातं, झिमझिमीत नाही. चाक जागेवर फिरायला लागलं की वाळू सोडायची. बारीक, वाळवलेली वाळू, हवेच्या दाबानं नळीतून थेट चाक आणि रूळ यांच्या मध्ये. निघण्यापूर्वी वाळूचे डबे भरलेत की नाही आणि वाळू ओली तर नाही, हे असिस्टंटनं बघायचं. ओली वाळू नळीत बसली की डबे भरलेले असून उपयोग शून्य. त्यांच्या लेखी इंजिन म्हणजे ती नळी होती. मी ती केलीच नव्हती, कारण मी इंजिन बघितलं होतं ते विश्रामबागच्या फाटकातून, पाच फुटांवरून, आणि तिथून नळी दिसत नाही.

तर आजोबांना "इंजिन कसं होतं" असं विचारू नकोस. माणूस तेवढं सांगतो: मोठं होतं, दणकट होतं. त्यांना विचार, हात कशावर असायचा, गाडी सुरू करायच्या आधी उतरून काय काय बघायचे, काय बिघडायचं. त्या उत्तरांतून जे सुटे भाग निघतील ते मॉडेलवर आधी.

बोगीबद्दल नीट वाच, कारण सगळे इथं फसतात. बोगी म्हणजे प्रवासी डबा नव्हे, इंजिनाखालची चाकं आणि मोटारी धरणारी चौकट. डब्ल्यूडीएम-२ची बोगी आणि डब्ल्यूडीजी-३एची बोगी एक नाही. डब्ल्यूडीएम-२खाली आल्कोची जुनी ट्रायमाउंट बोगी असते. तिच्यात तीन आसांमधलं अंतर सारखं नसतं. एकीकडं १७०२ मिलिमीटर, दुसरीकडं २१०८. एचओमध्ये साडेएकोणीस आणि सव्वाचोवीस. बाजूनं बघितलं की मधलं चाक एका बाजूला सरकल्यासारखं दिसतं. डब्ल्यूडीजी-३एला हाय अॅडहेजन (रूळ घट्ट धरणारी) बोगी दिली, तिन्ही मोटारी एकाच दिशेला तोंड करून बसवल्या, त्यामुळं चाकंही सारख्या अंतरावर आली. हा बदल दिसण्यासाठी केलेला नाही. इंजिन जोर लावतं तेव्हा पुढच्या चाकांवरचं वजन हलकं होतं आणि मागच्यांवर पडतं. हलकं झालेलं चाक आधी घसरतं. नव्या बोगीत ही वजनाची पळवापळवी कमी झाली. म्हणजे आजोबांच्या वाळूचा प्रश्न आणि बोगीचा आकार हा एकच विषय आहे. बाजारात आल्को म्हणून अमेरिकन आरएसडी मालिकेची यंत्रणा मिळते, तिच्याखाली ट्रायमाउंट असते. डब्ल्यूडीएम-२ करणाऱ्याला ती सोनं. तू तिच्या मोहात पडू नकोस. सारख्या अंतराची तीन चाकं असलेली कुठलीही यंत्रणा घे, नाव काहीही असो. एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो. वरची साइड फ्रेम, म्हणजे बोगीची बाहेरून दिसणारी बाजू, तू स्वतः करणारच आहेस.

मापं कुठून आणायची? कारखान्याचे ड्रॉइंग मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी अडून राहू नकोस. बाजूनं, सरळ काढलेला एक फोटो पुरतो, फक्त मोजपट्टी कुठली धरायची ते कळलं पाहिजे. पुष्कळ जण चाकाचा व्यास धरतात, नवं चाक १०९२ मिलिमीटरचं म्हणून. पण चाक झिजतं, लेथवर चढवून पुन्हा पुन्हा कापतात, आणि १०१६पर्यंत आलं की बाद करतात. फोटोतलं चाक कुठल्या अवस्थेतलं आहे हे तुला कळणार नाही आणि सात टक्के चूक तिथंच होते. वीस सेंटिमीटरच्या इंजिनात सात टक्के म्हणजे दीड सेंटिमीटरच्या आसपास! त्याऐवजी इंजिनाच्या मागं जोडलेली वाघीण बघ. बॉक्सएन (उघडी) किंवा बीसीएन (बंद) असेल तर खाली कॅसनब बोगी असणार, आणि तिच्या दोन आसांमधलं अंतर बरोबर २००० मिलिमीटर. चाक झिजलं तरी आस जागा सोडत नाही. एचओमध्ये हे अंतर २३ मिलिमीटर. ह्या मोजपट्टीनं मी काढलेली लांबी नंतर ड्रॉइंगशी ताडून बघितली तेव्हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक आला.

फोटोसाठी रुळांवर उतरू नकोस. हद्दीत विनापरवाना शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली गुन्हा आहे आणि डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात ती कटकट नको. आता तर पुणे–मिरज लाइनवर विजेच्या ताराही आल्यात, जोडीनं धावणारी डिझेलं आपसूक दिसायचे दिवस गेले. आजोबांच्या सोबत्यांच्या ट्रंकेत फोटो असतात. निरोपसमारंभाला इंजिनाला हार घालून काढलेले. पुढचा भाग, नंबर, त्या दिवशीचा रंग, सगळं त्यात येतं. मागं मोबाइलपूर्व काळाची तारीखसुद्धा छापलेली असते.

आता रूळ. एचओ म्हणजे ८७ पट लहान, आणि त्याचा १६.५ मिलिमीटरचा रूळ हा परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळासाठी आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६. त्याला ८७नं भागलं तर १९.३ येतात. म्हणजे आपलं इंजिन तयार रुळांवर ठेवलं की जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभं राहतं. बाजूनं काही कळत नाही. समोरून बघितलं तर जाणवतं, धोतर नेसलेल्या माणसाच्या बारीक पिंढऱ्या दिसाव्यात तसं. यावर दोन कडवे पंथ आहेत. एक म्हणतो रूळच १९.३चे स्वतः घाला. दुसरा म्हणतो स्केलच बदला, १६७६ भागिले १६.५ म्हणजे १०१.६ पट, मग सगळं जुळतं. दोन्ही हिशेबानं बरोबर आहेत. पण पहिल्यात प्रत्येक चाक आणि सांधा हातानं करावा लागतो, दुसऱ्यात आगगाडीच्या दुनियेतलं तयार माणूस, झाड, घर तुझ्या मापाचं सहज मिळत नाही. मी तडजोडवाला आहे. १६.५चा रूळ, ८७चं इंजिन, आणि साइड फ्रेम खऱ्या मापाच्या रुंदीवर बाहेर बसवायच्या, म्हणजे चाक आत गेल्याचं झाकलं जातं. ब्रिटिश लोक ७६ पटीची मॉडेलं ह्याच १६.५च्या रुळांवर कित्येक दशकं चालवतायत, त्यांचं काही अडलं नाही.

ह्या आकडेमोडीचा एक आनंद मात्र फक्त मिरजकरांचा. १९७१च्या सुमारास पुण्याकडून ब्रॉडगेज आलं, लोंढ्याकडं मीटरगेज नव्वदच्या दशकापर्यंत राहिलं, आणि पंढरपूर–कुर्डुवाडीची बार्शी लाइट तर त्याहून पुढं. तीन मापांचे रूळ एका स्टेशनात. मीटरगेजचे ८७नं ११.५ मिलिमीटर होतात, त्याला बाजारातला १२चा रूळ चालतो. मीटरगेजचं डिझेल वायडीएम-४ त्याच्यावर सुंदर बसतं. आणि बार्शी लाइटचे ७६२ मिलिमीटर म्हणजे ८.८, त्याला एन गेजचा (एचओहून लहान मॉडेलांचा) ९चा रूळ जणू मिरजेसाठीच केलेला. एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं १८९७ साली हे दोन फूट सहा इंचांचं माप बार्शीला आणलं आणि १९२७मध्ये ते मिरजेला पोचलं. माझ्या माडीवरच्या मिरजेत ब्रॉडगेज तेवढं अरुंद आहे, बाकी दोन्ही रूळ जवळजवळ मापात. विषय भरकटला, पण हे कुणाला तरी सांगायचंच होतं.

घर, म्हणजे हूड (इंजिनावरचं लांब झाकण) आणि कॅब. तू कॅडवाला म्हणून तुझा ओढा प्रिंटकडं असणार. मोठ्या सपाट भिंतींसाठी प्रिंट वापरू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. थरांच्या रेघा घासून काढता येतात, पण घासताना दारांच्या कडा आणि बिजागऱ्याही जातात, आणि मग ते पुन्हा बसवण्यात हाताचंच काम होतं. हूडची भिंत एक मिलिमीटरच्या स्टायरीन (प्लास्टिक) शीटमधून काप, दारं पाव मिलिमीटरच्या पट्ट्या वरून चिकटवून दाखव. हूड म्हणजे शेवटी कपाटांची रांग आहे. रेडिएटरच्या जाळीला स्टीलच्या बारीक गाळणीचा तुकडा. प्रिंट कर ते बोगीच्या साइड फ्रेम, हॉर्न, आसांचे डबे, कारण ते सारखे आणि पुष्कळ लागतात. आणि दुकानात प्रिंटला टाकलंस तर मिळालेली वस्तू कॅलिपरनं मोजल्याशिवाय पैसे देऊ नकोस. एका ठिकाणी माझी कॅब मशीनच्या प्लेटवर "बसत नव्हती" म्हणून त्यांनी न विचारता थोडी लहान केली होती! मला कळलं ते ती हूडला लावल्यावर.

लाकूड मात्र नको, जरी माझा जन्म त्यात गेला तरी. माझी जुनी दोन इंजिनं सागवानी हूडची होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, आमच्या खालच्या मजल्यावर चार दिवस पाणी होतं. प्लास्टिकची इंजिनं चिखलातून काढून ब्रशनं धुतली, आजही चालतात. सागवानी हूड फुगून असे उकलले की आत मोटारीच्या वायरी बाहेर लोंबत होत्या.

हँडरेल हा भाग मला सगळ्यात प्रिय. इंजिनाच्या दोन्ही अंगांना चालायची फळी आणि कडेला पाइपाचे कठडे असतात. पाइप बत्तीस मिलिमीटरचा धरला तर एचओमध्ये ०.३७ येतो. बाजारात मिळणारी पितळी तार एक तर ०.५ची असते, ती मॉडेलवर घराच्या जिन्याच्या कठड्यासारखी जाडजूड दिसते, किंवा इतकी मऊ की हात लागला की वाकते. पहिली दोन वर्षं मी सायकलच्या ब्रेककेबलचे धागे उकलून वापरत होतो. मग एकदा मिरजेत सतारमेकर गल्लीतून जाताना एका कारागिराच्या पाटावर तारांची भेंडोळी दिसली, आणि डोक्यात उजेड पडला. सतारीची, तंबोऱ्याची तार! नंबरानं मिळते, पोलादी आणि ब्राँझ दोन्ही. खिशात मायक्रोमीटर घेऊन जा आणि नंबर न विचारता माप बघ. ०.३५ ते ०.४०मधली ब्राँझची घे. पोलादी तार सरळ राहते पण तिला सोल्डर सहज धरत नाही, ब्राँझला धरतो.

भेंडोळ्यातली तार वेटोळी असते. हातभर तुकडा काप, एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पकडीत, आणि सरळ मागं ओढ. आधी ती ताणून राहते. मग एका क्षणी हाताला कळतं की ती किंचित सुटली, लांबली. तिथंच थांब. सोडलीस की काठीसारखी सरळ. आणखी ओढलीस तर तुटून चेहऱ्याकडं येते, म्हणून चष्मा लाव. उभ्या खांबांना त्याच तारेचा छोटा फास पीळ देऊन करायचा, त्यातून आडवी तार ओवायची आणि एका थेंबानं सोल्डर. फळीत ०.४चं भोक पिनव्हाइसनं (बारीक ड्रिल धरायच्या पकडीनं) हातानं पाडायचं. मशीननं पाडलंस तर ड्रिल मोडतंच. कारागिरानं मला विचारलं होतं, कुठलं वाद्य बनवताय. इंजिन म्हटल्यावर त्यानं आणखी दोन वार तार तशीच दिली.

वजनाचा हिशेब गमतीचा आहे. खरं इंजिन १२३ टनांचं, सहा आसांवर प्रत्येकी साडेवीस. लांबी ८७ पट कमी केली तर वजन ८७चा घन एवढ्या पटीनं कमी करावं लागतं, म्हणजे १८७ ग्रॅम. एवढ्यात मॉडेल चार वाघिणीसुद्धा चढावर ओढत नाही, कारण घर्षण काही त्या पटीत लहान होत नाही. मी चालणारं इंजिन साडेतीनशे ग्रॅमपर्यंत नेतो. टायरवाल्याकडं चाक बॅलन्स करायच्या शिशाच्या जुन्या पट्ट्या मिळतात, त्या हूडच्या तळाशी. दोन्ही बोगींवर भार सारखा येतोय हे बघ. मधोमध पेन्सिलवर ठेवून तोलायचं, खरी तागडी नको. डमी इंजिन जितकं हलकं तितकं बरं.

रंगाबद्दल मी आकडा किंवा छटा सांगणार नाही, कारण एकाच लोकोशेडचं एकच इंजिन दर मोठ्या ओव्हरहॉलनंतर वेगळ्या पट्ट्यांत बाहेर पडलेलं मी पाहिलंय. निरोपसमारंभाच्या फोटोतला रंग तोच तुझा रंग. नंबर, रेल्वेच्या नावाची अक्षरं आणि लोकोशेडचं नाव स्टेन्सिलनं लिहिलेलं असतं, कॉम्प्युटरच्या फाँटनं नाही. अक्षरात मधे मधे स्टेन्सिलचे सांधे असतात ते ठेव. फोटो उन्हातला असेल तर छापील रंग फिका दिसतो, पण मॉडेल तसंही फिकंच बरं वाटतं. शुद्ध डब्यातला रंग वीस सेंटिमीटरच्या वस्तूवर खेळण्यासारखा चमकतो. दोन थेंब पांढरा मिसळ.

मळवायचं कसं? धुराड्याभोवतीची काजळी मी घरातल्या निरांजनातून घेतो. ज्योतीवर पितळी वाटी उपडी धरायची, काजळासाठी आजी धरायची तशी, आणि मऊ ब्रशनं ती काजळी धुराड्यापासून लांब हूडच्या मागच्या टोकाकडं ओढायची. त्याच्याइतकी बारीक पूड कुठल्या डबीत मिळत नाही. बोगीवर मात्र काळं नको. तिथं ब्रेकच्या लोखंडाची भुकटी बसते, तपकिरी, गंजाकडं झुकणारी. घाट उतरणाऱ्या इंजिनावर ती जास्त. आणि हळद वापरू नकोस. हसू नकोस, सांगलीत राहून एकानं पिवळ्या पट्ट्यासाठी हळद वार्निशमध्ये कालवली होती. दोन महिन्यांत उन्हानं उडाली.

इंजिनं काचेच्या पेटीत ठेवणार असशील तर खाली रुळाचा एक हातभर तुकडा घाल. खडी क्रशरची काळी भुकटी चहाच्या गाळणीतून चाळ. खरी खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची, तुला पाऊण मिलिमीटर हवं, ते गाळणीतून बरोबर उतरतं. कृष्णेची वाळू चमकते आणि रंगानंही चालत नाही, आपला कातळ काळा आहे. तीच वाळू मात्र थोडी बाजूला ठेव. चाकांपुढच्या नळ्या झाल्या की त्यांच्या टोकाशी, रुळाच्या डोक्यावर, डिंकाच्या टिपक्यावर चार कण टाकायला लागतील.

यंत्रणा आली की पहिल्यांदा बोगीच्या तीन आसांमधली अंतरं मोजून मला कळव, साइड फ्रेम चिकटवायच्या आधी.